लाईट गेल्यावर आई मेणबत्ती लावते, काय खबरदारी घेऊ?

माजघर: आई ७४ वर्षांची, रत्नागिरीजवळच्या गावी एकटी राहते. पावसात लाईट गेली की तासन्तास येत नाही. ती डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर मेण ओघळवून मेणबत्ती चिकटवते आणि जप करता करता तिथेच तिचा डोळा लागतो. परवा गेले तर झाकणाला भोक पडलेलं. देवघरात नंदादीपही रात्रभर असतो. चार्जिंगचा दिवा आणून दिला, तर चार्जच करत नाही. काय करू?

शेवंती: ताई, आधी नंदादीपाचं बघा. आमच्याकडे तुपाच्या वासाने आलेल्या उंदराने निरांजनातली पेटती वात ओढत नेली आणि देव्हाऱ्याचा पडदा पेटला. सासूबाई जाग्या होत्या म्हणून निभावलं. आता दिव्याला काचेची चिमणी आहे, खाली पितळी परात आहे. पडदा आणि प्लास्टिकची तोरणं काढून टाकली. कापूर, काडेपेटी, तेलाची बाटली देव्हाऱ्याखालच्या खणात असेल तर तीही हलवा.

पानापकड: इन्व्हर्टर बल्ब घ्या. नेहमीच्या होल्डरमध्ये बसतो, आतली बॅटरी आपोआप चार्ज होते आणि लाईट गेली की स्वतःच लागतो. फक्त भिंतीवरचं बटण चालू हवं, हे आईंना नीट सांगा. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि झोपायची खोली, तिन्हीकडे लावा.

तरीही मेणबत्ती लागलीच, तर स्टीलच्या खोलगट वाटीत वाळू भरून त्यात रोवा, वाटी ताटात ठेवा. मच्छरदाणी, पडदा, कॅलेंडर हातभर लांब. बोटभर उरली की विझवायची. आणि पेटलेल्या तेलावर किंवा मेणावर पाणी कधीही ओतायचं नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं तेल अंगावर उडतं. वरून ताट झाकायचं. गॅसचा वास आला तर काडी नाही, बटणही नाही. दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं.

माजघर: बल्ब आजच मागवते. पण रात्री दिवा विझव म्हटलं तर आई दुखावेल हो.

शेवंती: विझव म्हणूच नका. आमच्या सासूबाई झोपायच्या आधी दिव्याला निरोप देतात, पहाटे पुन्हा लावतात. तसं सांगून बघा. आणि नायलॉनची साडी नेसून दिव्याशी वाकू देऊ नका, ती वितळून कातडीला चिकटते. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट लावायची नाही.

माजघर: निरोपाचं पटलं तिला! चिमणी कुठे मिळेल?

शेवंती: पूजेच्या भांड्यांच्या दुकानात विचारा. दिवा सोबत न्या, माप चुकतं.