साक्षरता वर्गात आधी काय, बाराखडी की मोबाइल?

रानजाई
आमच्या बचत गटात बऱ्याच जणींकडे स्वतःचा मोबाइल नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीणचं ई-केवायसी आलं तेव्हा फार हाल झाले. नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी लागत होता. एका वहिनींचा नवरा ट्रक घेऊन गुजरातेत. वहिनी सेतू केंद्राच्या खिडकीशी, ओटीपी तिकडे; फोन लागेपर्यंत मुदत संपायची. तीन खेपा, तीन दिवसांची मजुरी बुडाली. आणि आमच्याकडच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेच्या वर्गात अजून पाटीवर ‘कमळ’ गिरवणं चाललंय. माझं म्हणणं, सुरुवातच मोबाइलपासून करा, अक्षरं मागून येतील.

निवृत्त गुरुजी
ताई, तळमळ कळते, पण हे पटत नाही. अक्षर येत नसलं की बाई बटणाची जागा पाठ करते. अ‍ॅप जरा बदललं की पुन्हा नातवाला हाक. पासबुकाच्या आतल्या पानावर पिन लिहून ते पासबुक दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या मी पाहिल्यात. मुरबाडजवळच्या फांगण्यात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साडीतल्या आज्या सही करायला शिकल्या. अंगठा सुटला, ही लहान गोष्ट आहे का?

रानजाई
मुळीच नाही. पण म्हसवडच्या माणदेशी बँकेचं बघा. सभासद बायका निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. मग त्या लिहायला शिकल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. समोर काम होतं म्हणून शिकल्या.

कोयनाकाठ
पण वर्गाला येणार कोण? पीएमजीदिशा योजनेत घरटी एकालाच मोबाइल-संगणकाचं शिक्षण होतं. एकच जागा म्हटल्यावर आमच्या आळीत ती पोरालाच गेली, सून चुलीशीच. फांगण्याचा वर्ग दुपारी दोन ते चार भरायचा, कामं उरकल्यावर. माझ्या मते त्या शाळेचं खरं शहाणपण तेच.

निवृत्त गुरुजी
वेळेचं मान्य. क्रमाचं नाही. ओटीपीखाली ‘कोणालाही सांगू नका’ लिहिलेलं असतं, ते वाचणार कशी?

रानजाई
गुरुजी, आमच्या बायकांना तो मेसेज इंग्रजीत येतो. बाराखडी पुरी केलेलीही तिथे अडते. त्यापेक्षा तेच वाक्य मराठीत पहिल्या दिवशी फळ्यावर लिहा ना, ‘कमळ’च्या जागी.