पेल्टिए लावण्याआधी गरम बाजूचा हिशेब करा

पंख्याच्या जोडीला पेल्टिए मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चपटी चकती) लावलं तर प्रोसेसर आणखी थंड राहील का, असं वर विचारलंय. सगळे थंड बाजूबद्दल बोलतायत, पण खरी अडचण गरम बाजूची आहे. मॉड्यूल उष्णता नाहीशी करत नाही, एकीकडून उचलून दुसरीकडे टाकतं, आणि स्वतः खाल्लेली वीजही तिथेच उष्णता म्हणून ओततं. बाजारात सर्रास मिळणारं टीईसी१-१२७०६ हे मॉड्यूल बारा व्होल्टवर साधारण ५० वॅट खातं. प्रोसेसरचे ३० वॅट धरले तर हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावर) ८० वॅटचा बोजा. आधीचाच हीटसिंक ठेवलात तर प्रोसेसर उलट जास्त तापू शकतो.

जाहिरातीतला दोन बाजूंमधला ६०-७० अंशांचा फरक थंड बाजूवर काहीच भार नसतानाचा असतो, हेही बघा. भार वाढला की फरक घसरतो.

आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात दव धरतं ते वेगळंच. हवा ३० अंश, आर्द्रता ८० टक्के असेल तर सुमारे २६ अंशांखालच्या पृष्ठभागावर पाणी जमतं. ते प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये उतरलं की बोर्ड गेलाच म्हणून समजा.

लेझर डायोड किंवा खगोलछायाचित्रणाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, जिथे उष्णता थोडी पण तापमान काटेकोर हवं, तिथे मात्र पेल्टिए फार गुणी आहे. तुमच्या प्रोसेसरसाठी आधी जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवीन पातळ थर लावा, हीटसिंकची धूळ काढा आणि मग तापमान मोजून इथे टाका.