पिकअपला हेडर बसवू का? चोर्ला घाटात गाडी ओढत नाही, सल्ला पाहिजे

चोर्ला_दुसरा_गिअर (बेळगाव)

राम राम मंडळी. गाडी 2017 ची पिकअप, 2.5 लिटर टर्बो डिझेल, बीएस 4, केए 22 पासिंग. पहाटे बेळगावच्या एपीएमसीतनं भाजी भरायची, जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला उतरून साखळी, म्हापसा. येताना रिकामं यायला परवडत नाही, म्हणून मासळीचे क्रेट. मासळीपेक्षा बर्फच जड, हे घाट चढताना कळतं.

दोन महिने झाले, केरी सोडून घाट लागला की गाडी रडूलाय. जिथं तिसऱ्यावर निघून जायची तिथं दुसरा टाकायला लागूलाय. मागं काळा धूर. सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटखालनं टिक टिक टिक आवाज, पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद. केबिनमध्ये धुराचा वास येतो, बायको म्हणते शर्टालापण येतो.

उद्यमबागेत एका फॅब्रिकेशनवाल्याला दाखवलं. त्यानं एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर गोळा करून पुढं सोडणारा भाग) गेलेली चीर दाखवली. म्हणाला, हा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ठोकळा फेकून दे, मी त्याजागी दर सिलिंडरला वेगळ्या पाइपाचा हेडर बनवून देतो, 4-2-1, म्हणजे चार पाइप आधी दोनात, मग एकात, इंजिन मोकळा श्वास घेईल. 18 हजार सांगितले. मेव्हणा तर कालपासनं मोबाइलवर हेडरचे व्हिडिओच बघूलाय.

विचारायचं ते एवढंच: 4-1 (चारी पाइप सरळ एकात) घेऊ की 4-2-1? स्टेनलेस घेऊ की साधा? रेडिमेड कुठं मिळतो काय, कोल्हापुरात चौकशी करू?

निपाणी_एक्स्प्रेस

हेडर राहू दे रे, आधी मधला डबा काढ आणि सरळ पाइप टाक. माझ्या जुन्या गाडीला टाकलावता. तवंदी घाट असा चढायची की मागचा हॉर्न मारायचा विसरायचा.

चोर्ला_दुसरा_गिअर

आवाजाचं काय पण? गल्लीत पहाटे साडेतीनला गाडी काढतो मी. शेजारच्या आजी आत्ताच शिव्या घालतात.

मस्कतमिस्त्री (मूळ खानापूर तालुका)

भावा, थांब जरा. पैसे द्यायच्या आधी एवढं वाच.

मी इथं मस्कतला गॅरेजमध्ये 11 वर्षं आहे. हेडर बसवणं हे माझं जवळजवळ रोजचं काम. खरं कुठल्या गाड्यांना? लँड क्रूझर 79 पिकअप, 4 लिटर व्ही 6, पेट्रोल, टर्बो नाही. नाहीतर अमेरिकन व्ही 8 पिकअप, त्याही पेट्रोल. त्यांना फरक पडतो, कारण हेडरचं काम असं असतं: एका सिलिंडरचा धूर पाइपातनं सुसाट निघाला की त्याच्या मागं पोकळी होते. पाइपांची लांबी बरोबर असली तर ती पोकळी पुढच्या सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते. 4-2-1 मध्ये पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या असतात. फायरिंग (सिलिंडर पेटायचा क्रम) 1-3-4-2 असल्यामुळं एका जोडीतले दोघं एकमेकांच्या अंगावर धूर सोडत नाहीत. त्यामुळं खालच्या-मधल्या आरपीएमला ओढ चांगली मिळते. 4-1 वरच्या आरपीएमचा, रेसवाल्यांचा.

तुझ्या गाडीत त्या वाटेवर टर्बो बसलाय. टर्बो म्हणजे ओढ्यावरची पाणचक्की समज. धुराचा जोर आणि धुराची उष्णता, दोन्हीवर ती फिरते आणि इंजिनात हवा ढकलते. टर्बोच्या अलीकडं कायम दाब कोंडलेला असतो, तिथं पोकळीनं ओढून घ्यायचा खेळ फारसा चालत नाही. वर लांब-लांब पातळ पाइप टाकलेस तर धूर वाटेतच गार होणार, टर्बो उशिरा उठणार. म्हणजे घाटात ज्या 1500 आरपीएमला तुला ताकद पाहिजे तिथंच ती कमी होणार. 18 हजार घालून गाडी अजून मंद.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या मॅनिफोल्डला चीर आहे ना? ती टर्बोच्या अलीकडं आहे. म्हणजे चक्कीला जायचं पाणी वाटेतच फुटूलाय. टर्बो कमी फिरला, हवा कमी आली, डिझेल तेवढंच पडलं, म्हणून काळा धूर. टिक टिक आवाज त्या चिरेचा नाहीतर गॅस्केटचा (जोडातल्या पॅकिंगचा). तापलं की लोखंड फुगून फट मिटते, म्हणून आवाज बंद होतो. तू लिहिलेली सगळी लक्षणं या एका चिरेतनं येऊ शकतात. हेडरचा संबंधच नाही.

उद्यमबाग_ओतकाम

खानापूरच्या भावानं बरोबर सांगितलं. मी त्यात फाउंड्रीवाल्याची भर घालतो, कारण "बिडाचा ठोकळा" हे वाचून जरा लागलं. फाउंड्र्यांच्या बेळगावातच राहून बिडाला ठोकळा म्हणायचं म्हणजे काय!

बाळ, तो ठोकळा तसा जाड उगाच नाही. पूर्ण टर्बो त्याच्यावर लटकतो. घाटात भरल्या गाडीला धूर 600 अंशांच्या पुढं जातो, आणि त्या तापमानाला त्याला वजन धरून ठेवायचं असतं. चांगले मॅनिफोल्ड साध्या बिडाचे नसतात, एसजी आयर्नचे (जास्त चिवट बीड) असतात, त्यात सिलिकॉन 4 टक्क्यांच्या आसपास आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम. हे ताप-गार, ताप-गार सोसण्यासाठी. दीड-दोन मिलिमीटरचा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून वेल्ड केलेला) पाइप वाकवून त्यावर टर्बो टांगला तर जोडावर चिरणार, आणि सहसा घाटातच चिरणार.

अजून एक, हे फॅब्रिकेशनवाले सांगत नाहीत. पाइप आतून वेल्ड झाला की आत गोळ्या राहतात, बाजरीच्या दाण्याएवढ्या. त्यातली एक सुटली की सरळ टर्बोच्या चाकावर. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतं. पुढचं सांगायला नको.

आणि मॅनिफोल्ड चिरतो का, याचं उत्तर आधी शोध. नाहीतर नवापण चिरेल. अर्धा मीटर लांबीचा तुकडा 500 अंशांनी तापला की अडीच-तीन मिलिमीटर लांब होतो. त्याला सरकायला जागा लागते. म्हणून बऱ्याच मॅनिफोल्डची टोकाची भोकं मुद्दाम मोठी ठेवलेली असतात. कुणीतरी लांब पाना घालून जोरात आवळलं असेल तर तो सरकू शकत नाही आणि मग मधेच फाटतो. दुसरं कारण, सायलेन्सर टांगून धरणारा हँगर तुटलेला. मग सगळ्या पाइपाचं वजन आणि हेलकावे वर मॅनिफोल्डवर. आपल्या जांबोटी रस्त्याचे खड्डे बघता मी आधी हँगरच बघेन.

चोर्ला_दुसरा_गिअर

काका, चूक झाली, ठोकळा शब्द मागं घेतला. खरं मग चीर वेल्ड करून नाही का चालणार? शेजारचा मिस्त्री 800 रुपयांत देतो म्हणाला.

उद्यमबाग_ओतकाम

गाडीवरच ठेवून, थंडच, साध्या रॉडनं करणार असेल तर 800 रुपये पाण्यात. बीड वेल्ड करायचं तर खोलून, आधी सगळा तुकडा तापवून, निकेलच्या रॉडनं, आणि नंतर राखेत नाहीतर चुन्यात पुरून रात्रभर सावकाश गार करायचं. मग तोंड वाकतं, ते मशिनवर प्लेन करून घ्यायचं. एवढं सगळं करणारा माणूस मिळाला तरी मी त्याला तात्पुरतंच म्हणेन. नवा ओतीव घे.

केए23_चिक्कोडी

सरळ पाइप टाकायचा सल्ला वर कुणीतरी दिलाय, त्यावर. तो मधला डबा म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तुमची गाडी 2017 ची, आठ वर्षं उलटली की धंद्याच्या गाडीला फिटनेस दरवर्षी. बीएस 4 डिझेलला धूर मोजायच्या मशिनवर मर्यादा 1.62, ती चीर असताना पास होणंच मुश्कील. शिवाय मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182ए आहे, गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलाला 5 हजार दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुम्ही रोज राज्याची हद्द ओलांडता, एका बाजूनं सुटलात तरी दुसऱ्या बाजूला उभं करतील.

निपाणी_एक्स्प्रेस

बरं बरं, मी आपलं जुन्या गाडीचं सांगितलं. ती 98 ची होती ओ.

हलशीकर

मी विषय थोडा वळवतो, माफ करा. माझ्याकडं पेट्रोल पिकअप आहे, जुनी, विनाटर्बो, शेतावर फिरायला आणि हौसेला. मग मला हेडर चालेल ना? मस्कतवाले भाऊ, घेताना काय बघायचं?

मस्कतमिस्त्री

तुम्हाला चालेल. खरं वरच्या भावानं सांगितलेलं कलम तुम्हालापण लागतं, आधी आरटीओत विचारा. मी काय बघतो ते सांगतो.

खिशात लोहचुंबक घेऊन जा. 304 स्टेनलेसला चिकटत नाही, 409 ला चिकटतं. 304 मध्ये क्रोमियम 18 आणि निकेल 8 टक्के, गंज कमी. 409 मध्ये क्रोमियम साधारण 11, वरनं तांबूस होतो खरं टिकतो, स्वस्तही. विकणारे दोन्हीला नुसतं "स्टेनलेस" म्हणतात.

इंजिनाला टेकणारी पट्टी, फ्लँज, 10 मिलिमीटर जाड पाहिजे. 6 ची असली तर दोन पावसाळ्यांत वाकून गॅस्केट खाणार. दुकानातच काचेवर ठेवून बघा, खालनं कागद सरकला तर परत द्या. पाइपाची जाडी 1.6 मिलिमीटर, 1.2 चे हलके आणि स्वस्त, आवाजपण पत्र्यासारखा.

पाइप जेवढा मोठा तेवढी ताकद, असं नाही. जाड पाइपात धुराचा वेग पडतो आणि खालची ओढ जाते. शेतावर फिरवायची गाडी असेल तर बारीक पाइप घ्या. लांबी: आखूड हेडर मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसतो, पुढचं फारसं हलवावं लागत नाही. लांब पाइपाचा जास्त फायदा देतो, खरं स्टिअरिंगचा दांडा, स्टार्टर, ऑक्सिजन सेन्सरची वायर, सगळ्याला अडतो. आमच्याकडं लांब हेडर बसवताना अर्धा दिवस या अडचणींतच जातो.

आणि पाइपावर उष्णता धरायची ती कापडी पट्टी गुंडाळू नका. खानापूरच्या पावसात ती भिजून राहते, आतनं पाइप कुजतो. सिरॅमिक कोटिंग परवडलं तर तेच करा.

हलशीकर

चुंबकाचं माहीत नव्हतं. घरी एक हेडर आहे "स्टेनलेस" म्हणून घेतलेला, आत्ता लावून बघितलं. चिकटलं 🙂

उद्यमबाग_ओतकाम

चिकटलं म्हणजे फेकायचा नाही, 409 असेल तर चांगलाच आहे. फक्त 304 चे पैसे दिलेत.

चोर्लावाले, खोलायच्या आधी एक करून बघा. सायलेन्सरच्या तोंडातनं व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडा, इंजिन थंड असताना, आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसं. कुठं-कुठं बुडबुडे येतात ते खडूनं खुणा करून ठेवा. चीर एकच आहे की गॅस्केटपण गेलंय ते कळेल. इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणारा) रबरी होजपण खालच्या बाजूनं चाचपा, तेलानं ओला लागला तर फाटलाय.

चोर्ला_दुसरा_गिअर (नऊ दिवसांनी)

मंडळी, खोललं. सगळं सांगतो.

साबणाचं पाणी मारलं तर चिरेतनं तर बुडबुडे आलेच, खरं सगळ्यात मोठे मागच्या सिलिंडरच्या जोडावर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाजूला, जिथं हात जात नाही. खोलल्यावर बघतो तर तिथले दोन स्टड (नट बसायचे आटे पाडलेले दांडे) तुटलेले. गॅस्केटची कड काजळीनं काळी, बोटाला लागली ती दोन दिवस गेली नाही. आणि काका, तुमच्या तोंडात साखर पडो, सायलेन्सरचा पुढचा हँगर तुटलावता. कुणीतरी तारेनं बांधून ठेवलावता, आमच्याच गाडीवरच्या जुन्या ड्रायव्हरनं असणार. मॅनिफोल्डवर लोखंडी पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पाती) घातला तर मधे 0.4 मिलिमीटरची फट. म्हणजे चिरलावता आणि वाकलापण होता.

तुटलेले स्टड काढायला मिस्त्रीनं वर नट ठेवून आतनं वेल्ड मारला, लाल झाला की पान्यानं फिरवला. एक निघाला. दुसरा तीन वेळा तुटला, माझा जीव वरखाली. शेवटी संध्याकाळी सहाला निघाला.

नवा ओतीव मॅनिफोल्ड, पत्र्याच्या थरांचं गॅस्केट, सगळे स्टड-नट नवे, हँगर, आणि इंटरकूलरचा खालचा होज (तोपण फाटलावता). मजुरी धरून 18 हजारांच्या आतच बसलं. नट मधनं सुरू करून दोन्ही टोकांकडं, टॉर्क रेंचनं आवळले, लांब पाना मीच लपवून ठेवलावता.

काल पहिली खेप केली. अंजुणे धरण मागं टाकून घाट तिसऱ्यावर चढला, फक्त दोन वळणांना दुसरा लागला, मागं बर्फासकट पूर्ण माल. धूर नाही. केबिनमधला धुराचा वास गेला, आता मासळीचा तेवढा येऊलाय. मेव्हण्याला सांगितलं हेडर कॅन्सल, तो आता अलॉय व्हीलचे व्हिडिओ बघूलाय.

मस्कतमिस्त्री

झकास. दोन-तीन खेपा झाल्या की इंजिन पूर्ण थंड असताना नट परत एकदा बघ. नवीन गॅस्केट दबतं.

चोर्ला_दुसरा_गिअर

आज सकाळी बघितले. मागचा एक पाव फेरा गेला.