निपाणी-चिकोडीकडं डेंग्यूची साथ पोर्टलला किती लवकर कळते, हे मोजायचं कसं?

निपाणी_नोंदवही: आयएचआयपीवर (केंद्राचं साथरोग नोंदवायचं पोर्टल) एस, पी, एल (संशयित रुग्ण, डॉक्टरांचं निदान, लॅबचा निकाल) तिन्ही फॉर्म वेळेत भरलेले दिसतात. तरी गल्लीत ताप पसरलाय हे आधी आशाताईंकडूनच कळतं. इकडचे बरेच रुग्ण कोल्हापूरला जातात, अथणीकडचे मिरजेला. मूल्यमापनात धरायचं काय?

साथरोग_बेळगाव: पोर्टलचं 'वेळेत' म्हणजे फॉर्म वेळेत भरला, एवढंच. 50 केसपेपर काढा आणि प्रत्येकावरून चार तारखा घ्या: ताप सुरू, पहिली तपासणी, नमुना, पोर्टलवरची नोंद. प्रत्येक टप्प्याला लागलेल्या दिवसांचा मध्यक (मधला आकडा) आणि 90वा शतमक (100पैकी 90 केसेस ज्याच्या आत बसतात तो आकडा) काढा. सरासरी नको, महिनाभर पडून राहिलेला एकच कागद ती बिघडवतो. 'ताप सुरू'च्या रकान्यात तपासणीचीच तारीख टाकायची सवय सगळीकडं आहे. पोर्टलवर दोन्ही तारखा सारख्या आणि केसपेपरवर 'चार दिवसांपासून ताप' असेल, तर केसपेपरचं खरं धरा. कसोटीला 7-1-7 घ्या: 7 दिवसांत साथ ओळखणं, 1 दिवसात कळवणं, 7 दिवसांत पहिली कारवाई पुरी.

आकडेमोड: किती केसेस सुटल्या ते दोन याद्या जुळवून काढा. समजा पोर्टलवर 46, दवाखान्यांच्या रजिस्टरात 39, दोन्हीकडं 19. तिन्हींत एकेक मिळवून एकूण केसेसचा अंदाज: (47 × 40 ÷ 20) − 1 = 93. म्हणजे पोर्टलनं निम्म्याच पकडल्या. खरी डोकेदुखी नावांची. एकाच बाईंचं नाव एकीकडं कन्नडमध्ये, दुसरीकडं मराठीत, तिसरीकडं माहेरचं. नावावर जाऊ नका. गाव, वय (2 वर्षं इकडंतिकडं), तारीख आणि मोबाईलचे शेवटचे चार अंक लावा. आणि त्याच रजिस्टरातून पोर्टल भरत असतील तर हा हिशेब फसतो: जुळणी फुगते, यंत्रणा आहे त्यापेक्षा चांगली दिसते.

लॅब_टेक्निशियन: खासगीतली रॅपिड कार्डं (झटपट चाचणीची) रजिस्टरात वेगळी काढा. डेंग्यू पक्का धरायला एलायझा (लॅबमधली रक्तचाचणी) लागते: पहिल्या पाच दिवसांत एनएस1 (विषाणूचं प्रथिन), नंतर आयजीएम (शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं). कोल्हापूर-मिरजेत गेलेला माणूस पत्ता पाव्हण्यांचा सांगतो, मग केस महाराष्ट्राच्या खात्यात. तिकडच्या जिल्हा कक्षाकडून मोबाईल नंबरसकट यादी मागवा, 'मूळ गाव' विचारून घ्या.

निपाणी_नोंदवही: खानापूरच्या माकडतापालाही (क्यासनूर, गोचिडांतून होणारा ताप) हेच लावायचं?

साथरोग_बेळगाव: नाही. तिथं केसेस थोड्या, याद्या जुळवून हाती काही लागत नाही. शिवाय काजूच्या हंगामात मजूर गोव्यात असतात. गोव्यातल्या सत्तरीत 2015 साली आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात 2016 साली हाच आजार निघालाय. खानापुरात पहिली खूण मेलेलं माकड. ते कुणी कधी पाहिलं, वनखात्यानं कधी कळवलं, पथक किती तासांत पोचलं, एवढं मोजा. माकड कुजलं की तपासणीच्या कामाचं राहत नाही. नोव्हेंबर ते मे या काळात एकही कळवणी नसेल तर 'शून्य' अशी नोंद आहे की रकाना नुसताच कोरा, तेही बघा.