मुंबई-गोवा विमानाला नक्की किती वेळ लागतो? (मदत हवी आहे, अर्जंट)

उशीर_नको
मुंबई-गोवा हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटर दाखवतंय. विमान ताशी आठशेनं जातं, म्हणजे अर्धा तास. मग तिकिटावर १ तास २० मिनिटं कशी? मामेभावाचं लग्न आहे, मुहूर्त ११.५२. सकाळी आठचं विमान चालेल का? हो की नाही तेवढंच सांगा, आज रात्रीच बुकिंग करायचंय.

चाकरमानी
विमान कशाला? वंदे भारतने जा. सीएसएमटीहून पहाटे ५.२५ ला सुटते, दुपारी सव्वाच्या आत मडगाव. वाटेत कोकण बघायला मिळतं ते वेगळंच.

तिसरी_घंटा
अहो, मुहूर्त ११.५२ चा आहे. तुमची गाडी पोचेपर्यंत पहिली पंगत उठलेली असेल.

चाकरमानी
आदल्या दिवशी निघायचं. घरचं कार्य आहे, हळदीला नको का जायला?

खिडकीची_सीट
तिकिटावरचा वेळ विमान जागचं हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. हवेत जेमतेम पाऊण तास. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि सगळे रांगेत. गेल्या खेपेला खिडकीतून मोजली, आमच्या पुढे सात विमानं होती. शिवाय दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६० किलोमीटरच्या आसपास, आत ठेवावा लागतो. एवढ्याशा अंतरात आठशेचा वेग येतो न येतो तोच उतरायला सुरुवात. चहाची गाडी मधल्या रांगेपर्यंत पोचली की 'पट्टे बांधा'.
पण गोव्यात उतरणार कुठे? तिथे विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा. सव्वाचारशे हे दाबोळीचं अंतर. मोपा चाळीसेक किलोमीटर अलीकडे आहे. आणि निघणार कुठून, सहार की नवी मुंबई?

उशीर_नको
सहार. आणि गोवा म्हणजे गोवा हो! तिकिटावर जीओएक्स दिसतंय.

ओटीभरण
लग्नाला जाताय म्हणून सांगते. ओला नारळ हातातल्या बॅगेत अडवतात, चेक-इनमध्ये जातो. सुकं खोबरं मात्र कुठेच चालत नाही. त्यात तेल असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं. माझ्या जावेच्या सहा वाट्या काढून ठेवल्या होत्या.

तिसरी_घंटा
धागा भरकटला.

पेडण्याचा_पाव
जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. मोपा आमच्या पेडणे तालुक्यात, गोव्याच्या पार उत्तर टोकाला. तिथून बांदा-सावंतवाडी जवळ. लग्न कुठे आहे?

उशीर_नको
काणकोणला. पण माझा प्रश्न विमानाचा होता.

पेडण्याचा_पाव
काणकोण?? अहो, ते दक्षिणेचं शेवटचं टोक! मोप्याहून शंभरेक किलोमीटर. त्यात पर्वरीला उड्डाणपुलाचं काम. सव्वानऊला उतरलात, बॅगा घेऊन टॅक्सीत बसेपर्यंत दहा. अक्षता काय, तुम्हाला मठ्ठासुद्धा मिळायचा नाही.

खिडकीची_सीट
दाबोळीला उतरा. मडगावमार्गे दीड-पावणेदोन तास धरा. आणि आठचं नको, सहा-साडेसहाचं घ्या.

चाकरमानी
दाबोळी नौदलाचा तळ आहे, विमानं कधीकधी वर घिरट्या घालत बसतात. काणकोणला रेल्वे स्टेशन आहे, हे कोणीच सांगत नाही.

पेडण्याचा_पाव
वंदे भारत मडगावलाच संपते. तुम्ही जा हो रेल्वेने, तुम्हाला कोणी अडवलंय?

उशीर_नको
दाबोळीचं ६.१० चं केलं. नऊशे रुपये जास्त गेले. टॅक्सी आधी ठरवू की तिथे मिळेल? आणि आई विचारतेय, ओटीचे नारळ कुठल्या बॅगेत टाकायचे?

ओटीभरण
वर लिहिलंय!