मदत हवी आहे: बाबांना क्रॉफ्टनचा कालवा दाखवायचाय

नमस्कार मंडळी, जूनमध्ये आई-बाबा रेडिंगला येताहेत. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातली क्रॉफ्टन ही छोटी वाडी त्यांना दाखवायचीच असं ठरवलंय.

केनेट अँड एव्हन कालव्याचा सर्वांत उंच टप्पा इथून जवळच आहे. बोट लॉकमधून (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यातून) गेली की दरवेळी वरचं पाणी खाली उतरतं, आणि त्या उंचीवर भर घालायला पुरेसं पाणी नाही. म्हणून शेजारच्या विल्टन वॉटर तलावातलं झऱ्यांचं पाणी साधारण १२ मीटर वर उचलून पाटात सोडतात. पाटातून ते आपोआप उताराने त्या टप्प्यात जातं. रोजचं काम आता विजेचे पंप करतात, पण बोल्टन अँड वॅट कंपनीचं पाणी उपसणारं १८१२ सालचं इंजिन अजून मूळ जागी आहे आणि ठराविक दिवशी वाफेवर चालवतात! बाबांना ते चालू असतानाच बघायला मिळावं, एवढीच माझी इच्छा.

कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? बेडविन स्टेशनपासून कालव्याकाठची वाट दोन-अडीच किलोमीटरची आहे. बाबांचा गुडघा दुखतो, तर वाटेत बसायला बाकं आहेत का? पावसानंतर चिखल होतो का? इंजिनघरातले जिने फार उभे आहेत का? वाफेच्या दिवशी तिकीट आधी काढावं लागतं का, आणि विल्टनची १८२१ ची पवनचक्की त्याच दिवशी आरामात जमेल का, तेही सांगा. गाडीनेच जाणं बरं असेल तर स्पष्ट सांगा, तशी सोय करता येईल.