अमेरिकन फुटबॉल : नाणेफेक जिंकूनही चेंडू समोरच्या संघाला का देतात?

शिवाजीपेठकर

नमस्कार. कोल्हापुरात फुटबॉल म्हटले की शाहू स्टेडियम आणि तालमींचे संघच डोळ्यांसमोर येतात, आणि माझेही सारे आयुष्य त्याच फुटबॉलमध्ये गेले. मात्र धाकटा मुलगा नोकरीनिमित्त टेक्सासला गेल्यापासून, त्याच्याशी फोनवर बोलायला जेवणाखाणाखेरीज आणखी एखादा विषय असावा म्हणून, हिवाळ्यात रविवारी रात्री साडेअकराला सुरू होणारे अमेरिकन फुटबॉलचे सामने मी पाहू लागलो आहे. टचडाउनचे सहा गुण, फील्ड गोलचे तीन, दहा यार्डांसाठी चार प्रयत्न, इथवर मजल गेली आहे. नाणेफेकीचे कोडे मात्र सुटत नाही. नाणेफेक जिंकलेला कर्णधार बहुतेक वेळा चेंडू समोरच्यांना देऊन मोकळा होतो. ज्या खेळात गुण मुख्यतः चेंडू असणाऱ्यालाच मिळतात, तिथे हे औदार्य कशासाठी? मुलाला विचारले, तर ‘बाबा, ते डिफर करतात’ एवढेच उत्तर मिळाले. उलट २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेची नाणेफेक जिंकून सॅन फ्रान्सिस्कोने चेंडू घेतला, ते हरले, आणि सगळ्यांनी त्यांच्या प्रशिक्षकालाच धारेवर धरले. मग चेंडू घ्यावा की द्यावा? जाणकारांनी समजावून सांगावे.

राजारामपुरी सातवी गल्ली

काका, यात औदार्य अजिबात नाही. आपल्याला नाणेफेकीचा एकच कौल दिसतो, पण प्रत्यक्षात हक्क दोन असतात : एक पूर्वार्धाचा आणि एक उत्तरार्धाचा. ज्याच्याकडे त्या अर्ध्याचा हक्क असेल, त्याने ‘चेंडू घ्यायचा की मारून द्यायचा’ किंवा ‘कोणती बाजू राखायची’ यांपैकी एका गोष्टीचा निर्णय करायचा. उरलेल्या गोष्टीचा निर्णय समोरचा करतो. नाणेफेक जिंकणाऱ्याला या दोन हक्कांपैकी कोणता हवा ते ठरवता येते, आणि पूर्वार्धाचा सोडून उत्तरार्धाचा राखून ठेवणे यालाच डिफर करणे म्हणतात. एनएफएल या तिथल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये ही सोय २००८ पासून आली. त्याआधी जिंकणारा संघ जवळजवळ डोळे मिटून चेंडू घेत असे.

उत्तरार्धाचा हक्क का राखायचा, याचे सर्वांत वजनदार कारण मध्यंतराच्या आसपास सापडते. समजा पूर्वार्धाची शेवटची दोन मिनिटे उरली आहेत आणि चेंडू आपल्याकडे आहे. प्रत्येक अर्ध्यात मिळणारे तीन टाइमआउट जपून वापरत, घड्याळ संपता संपता आपण गुण मिळवले, मध्यंतर झाले, आणि उत्तरार्धाचा पहिला चेंडूही आपल्यालाच मिळाला. म्हणजे समोरच्या संघाचे आक्रमण बाकावर बसून आहे आणि आपण लागोपाठ दोनदा गुण मिळवू शकतो. पंगतीत आपल्या पानात दोनदा वाढले जावे आणि शेजारच्याने नुसते पाहत बसावे, तसा हा प्रकार आहे. शिवाय पूर्वार्धात समोरच्याचा बचाव कसा उभा राहतो हे पाहून मध्यंतरात जी नवी आखणी केली, ती ताबडतोब वापरून पाहता येते.

अर्थात हा फायदा हमखास नाही. २०१० च्या सुपर बोलमध्ये उत्तरार्धाचा पहिला चेंडू इंडियानापोलिसला मिळायचा होता. न्यू ऑर्लिन्सने किकऑफ लांब न मारता आखूड मारला आणि चेंडू स्वतःच ताब्यात घेतला. राखून ठेवलेले ताट कोणी असे हिसकावूनही नेतो. तो सामना न्यू ऑर्लिन्सने ३१-१७ असा जिंकला.

मॅटवरचा माणूस

वरील विवेचन पटले, पण फायद्याचे वर्णन जरा वाढवून झाले आहे असे मला वाटते. आमच्या कबड्डीत नाणेफेक जिंकणारा अंगण किंवा पहिली चढाई मागतो, आणि उत्तरार्धात पहिली चढाई आपोआप दुसऱ्या संघाकडे जाते. अमेरिकन फुटबॉलमध्येही व्यवहारात तेच घडते : पहिला चेंडू एकाला, मध्यंतरानंतरचा दुसऱ्याला. चेंडू आलटूनपालटून मिळत राहतो, त्यामुळे सगळी कसरत फार तर एखाद्या डावाच्या, म्हणजे चेंडू घेऊन आक्रमण करण्याच्या एका पाळीच्या, फरकासाठी असते. ज्या संघाचे आक्रमण जबर आहे त्याने परक्या मैदानावर चेंडू आधी घेऊन, सुरुवातीलाच गुण मिळवून, प्रेक्षकांचा आवाज बंद करावा, हाही शहाणपणाचाच विचार आहे.

वाऱ्याचा उल्लेख मात्र राहून गेला. तिथे पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रे असतात आणि प्रत्येक सत्रानंतर बाजू बदलतात, म्हणून वारा दोघांनाही सारखाच मिळतो. प्रश्न असतो तो कोणत्या सत्रात मिळतो याचा. उत्तरार्धात चेंडू घेणाऱ्याला बाजू निवडता येत नाही, तेव्हा समोरचा संघ चौथ्या सत्रात वारा पाठीशी राहील अशी बाजू घेतो. शेवटच्या मिनिटात लांबून फील्ड गोल मारायची वेळ आली, तर हा हिशेब एखाद्या डावापेक्षा भारी पडू शकतो.

निवृत्त पंच

या चर्चेत शब्दांच्या गोंधळाची भर घालतो, कारण पंचाच्या नजरेने पाहिले तर नाणेफेकीत हरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जिंकून चुकीचा शब्द उच्चारणे. ‘डिफर’ म्हणायच्या ठिकाणी कर्णधार ‘आम्ही किक मारतो’ असे म्हणाला, तर त्याने पूर्वार्धाचा हक्क वापरून संपवला असे ठरते. समोरचा संघ बाजू निवडतो, पूर्वार्धाचा चेंडू घेतो, आणि उत्तरार्धाचा हक्कही त्याच्याकडेच असल्यामुळे तेव्हाही चेंडू घेतो.

१९६२ च्या एएफएल या तेव्हाच्या दुसऱ्या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या नाणेफेकीनंतर डॅलस टेक्सन्सचा कर्णधार ॲबनर हेन्स म्हणाला, की आम्ही मैदानातल्या घड्याळाच्या बाजूला किक मारू. प्रशिक्षक हँक स्ट्रॅम यांना वाऱ्याची बाजू हवी होती. पण ‘किक’ हा शब्द आधी तोंडातून गेला आणि बाजू निवडण्याचा अधिकार ह्यूस्टनला मिळाला. चेंडूही गेला, वाराही गेला. तरी टेक्सन्स दुसऱ्या जादा सत्रात २०-१७ असे जिंकले, ही त्यांची पुण्याई. २०१९ च्या डिसेंबरमध्ये डॅलस काउबॉइजच्या डॅक प्रेस्कॉटनेही आधी किकची भाषा केली आणि मग डिफरची. अखेर न्यूयॉर्कमधील मुख्यालयाने ध्वनिमुद्रण ऐकून उत्तरार्धाचा चेंडू त्यांना दिला. १९९८ मध्ये पिट्सबर्गच्या जेरोम बेटिसने नाणे हवेत असताना छापा म्हटले की काटा, यावरून एवढा वाद झाला, की तेव्हापासून नाणे उडवण्याआधीच कौल मागून घेतात.

आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये नाणेफेक जिंकणाऱ्याला किकऑफ मागण्याची मुभा २०१९ पासून पुन्हा मिळाली. त्यानंतरच्याच एका शालेय सामन्यात मी पंच होतो. मैदान गावाबाहेरचे, गोल पूर्व-पश्चिम, वेळ डिसेंबरातली दुपारी साडेतीनची. नाणेफेक जिंकलेल्या चौदा वर्षांच्या कर्णधाराने छाती फुगवून ‘किकऑफ आमचा’ असे सांगितले. दुसरा कर्णधार हडकुळा पोरगा होता; त्याने कपाळावर आडवा हात धरून सूर्य कुठवर आला आहे ते पाहिले आणि पूर्वेचा गोल मागितला, म्हणजे पूर्वार्धात ऊन आपणहून तोंडावर घेतले. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि तोवर सूर्य पश्चिमेच्या उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. पहिल्या संघाचा गोलरक्षक एका हाताने डोळ्यांवर सावली धरून उभा होता. उंचावरून आलेला चेंडू त्याला दिसला तो थेट जाळ्यात पडल्यावर. किकऑफचा चेंडू त्या संघाने पाचव्या पासलाच गमावला होता.

शिवाजीपेठकर

सर्वांचे मनापासून आभार. पंचसाहेब, त्या हडकुळ्या पोराला कोणत्या तरी तालमीने उचललेच असेल अशी आशा करतो! मुलाला आज रात्रीच फोन करून डिफरचा अर्थ त्याच्या बापाने सांगायचा आहे. मात्र जादा वेळेचा प्रश्न उरतोच. तिथे तर उत्तरार्ध नसतो; मग राखून काय ठेवायचे?

राजारामपुरी सातवी गल्ली

काका, जादा वेळेचे नियम इतक्यांदा बदलले आहेत, की प्रत्येक काळाचे उत्तर वेगळे येते. पूर्वी जो आधी गुण मिळवील तो जिंकला, असा सरळ मामला होता. तेव्हा चेंडू न घेणे म्हणजे वेडेपणाच, आणि तो २००२ मध्ये डेट्रॉइटचे प्रशिक्षक मार्टी मॉर्निनवेग यांनी केला : नाणेफेक जिंकून वारा घेतला, चेंडू शिकागोला मिळाला, आणि शिकागोने त्याच वाऱ्याविरुद्ध फील्ड गोल मारून सामना २०-१७ असा संपवला. पुढे पहिल्याच डावात टचडाउन झाले तरच सामना संपेल, असा नियम आला. २०२२ च्या जानेवारीत कॅन्सस सिटीने बफेलोविरुद्ध नाणेफेक जिंकून पहिल्याच डावात टचडाउन केले, बफेलोच्या आक्रमणाला जादा वेळेत चेंडूच मिळाला नाही, आणि त्याच वर्षी बाद फेरीसाठी दोन्ही संघांना एकेक डाव मिळेल असे ठरले. २०२५ पासून साखळी सामन्यांतही तेच आहे.

दोघांनाही डाव मिळणार म्हटल्यावर, नंतर खेळणाऱ्याला नेमके किती गुण हवेत ते आधीच ठाऊक असते. क्रिकेटमध्ये लक्ष्य समोर ठेवून खेळण्यासारखेच हे आहे. आपण म्हणता त्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आधी खेळून फील्ड गोलवर समाधान मानले, २२-१९. मग कॅन्सस सिटीचा चौथा प्रयत्न आला, एक यार्ड हवा होता, आणि ते स्वतःच्याच अर्ध्या मैदानात होते. एरवी तिथे चेंडू लांब मारून मोकळे व्हायचे. पण थांबलो तर हरलो हे माहीत असल्यामुळे विचार करण्यासारखे काही नव्हतेच. त्यांचे आक्रमण चालवणारा माहोम्स स्वतः चेंडू घेऊन आठ यार्ड पळाला, पुढे टचडाउन झाले, २५-२२.

तरीही सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक शॅनहन यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांची भूमिका अशी होती, की दोघांचे गुण सारखे झाले तर तिसऱ्या डावापासून पुन्हा आधी गुण मिळवणारा जिंकतो आणि तो तिसरा डाव आपला असावा. चूक असलीच तर ती तयारीतली होती, कारण नवा नियम आपल्याला माहीतच नव्हता असे त्यांच्याच काही खेळाडूंनी सामन्यानंतर सांगितले. साखळी सामन्यांत तर जादा वेळ दहाच मिनिटांची असते. पहिले दोन डावच ती खाऊन टाकतात आणि तिसरा डाव बऱ्याचदा उगवतच नाही. म्हणून तिथे मी तरी चेंडू समोरच्याला देईन. मुलाला फोन कराल तेव्हा त्याच्या कार्यालयातल्या डॅलसप्रेमींना यावर काय वाटते, तेवढे अवश्य विचारून घ्या.